जड फ्लाय टाकताना झालेल्या फजित्या, आणि डोळे-कान शाबूत ठेवायचे उपाय

खंड्या

परवा संध्याकाळी मित्राच्या डोक्यावरची टोपी माझ्या फ्लायने (हुकावर पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली आमिषाने) उडवली. मोठे डंबेल डोळे (डंबेलच्या आकाराचे धातूचे वजनदार डोळे) बांधलेला स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखी फ्लाय होती, मित्र माझ्या मागे उजवीकडे उभा होता आणि मी पुढचा कास्ट मारला, म्हणजे रॉडने लाइन पुढे झोकली. टोपी त्याच्या डोक्यावरून अलगद सुटली, माझ्या खांद्यावरून गेली आणि डोहाच्या मधोमध उताणी पडली. तिच्यात पाणी भरत गेलं तसा रॉड असा काही वाकला की पलीकडच्या काठावरचा एक अनोळखी माणूस “मोठा दिसतोय, सोडू नका!” म्हणून ओरडला. मित्र मात्र दोन्ही हातांनी कान चाचपत उभा. टोपी जाळीत घेईपर्यंत आमची दोघांचीही हसून पुरेवाट झाली.

घरी येऊन टोपीतला हुक काढायला घेतला तेव्हा हसू मावळलं. हुक टोपीत कानाच्या बरोबर वर, दोन बोटांच्या अंतरावर घुसला होता.

म्हणून हा धागा. तुमच्या फजित्या सांगा, अगदी सविस्तर सांगा, पण त्यानंतर तुम्ही काय बदललं तेही सांगा. हलकी कोरडी (पाण्यावर तरंगणारी) फ्लाय टाकणाऱ्यांचेही अनुभव चालतील, पण मुख्य विषय जड फ्लाय: टंगस्टन मणी, शिशाची तार, कोनहेड (शंकूच्या आकाराचं धातूचं डोकं), डंबेल डोळे.

पाणमांजर

टोपी वाचली यात समाधान माना. माझ्या उजव्या कानशिलावर टंगस्टन मणी बसला होता. हुक लागला नाही, नुसता मणीच लागला, तरी दोन दिवस टेंगूळ होतं. तेव्हापासून हे असं का होतं याचा पिच्छा पुरवला, ते सांगतो.

नेहमीच्या फ्लाय फिशिंगमध्ये आपण फ्लाय फेकतच नाही. आपण लाइन फेकतो, आणि फ्लाय तिचं शेपूट धरून जाते. ५ नंबरच्या लाइनचा पुढचा ३० फुटांचा भाग १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतो. ८ नंबरच्या लाइनचा २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. या वजनापुढे पिसांची कोरडी फ्लाय म्हणजे काहीच नाही. आता त्याच ५ नंबरच्या टोकाला १/२४ औंसाचे डंबेल डोळे लावा. नुसते डोळेच १.२ ग्रॅम. लाइन फ्लायला नेते हा हिशेब तिथे मोडतो, आणि फ्लाय लाइनला ओढायला लागते.

मागचा कास्ट उलगडला की हलकी फ्लाय तिथे निमूट थांबते. जड फ्लायला स्वतःचा वेग असतो. ती लाइन ताणून पुढे जायला बघते, हिसका बसतो, त्या हिसक्याने उसळी मारते आणि मग दगडासारखी खाली येते. एवढ्यात लाइन ढिली झालेली असते. ढिल्या लाइनवर तुम्ही पुढचा कास्ट सुरू केलात की रॉडचं टोक आधी पुढे जातं, फ्लाय उशिरा आणि खालून निघते. खालून म्हणजे किती खालून? नेमकी डोक्याच्या उंचीवरून. खंड्या, तुमच्या मित्राची टोपी याच वाटेत आली असणार.

धातूंचाही फरक लक्षात ठेवा. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, पितळेची साडेआठच्या आसपास. म्हणजे पितळेचा मणी काढून त्याच मापाचा टंगस्टनचा घातला तर दिसायला फ्लाय तीच, पण मण्याचं वजन दुपटीहून जास्त. डबीत दोन्ही शेजारी ठेवले तर हात फसतो. मी टंगस्टनच्या फ्लायना वेगळ्या रंगाचा दोरा बांधतो. एवढ्या एका सवयीने माझे निम्मे गोंधळ थांबले.

ढोकरी

सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. माझा उपाय सोपा आहे: लूप (हवेत उलगडणाऱ्या लाइनचं वळण) रुंद ठेवा आणि सगळं सावकाश करा. अरुंद, देखणा लूप जड फ्लायला चालत नाही. फ्लाय थेट रॉडवर येऊन आपटते.

फजिती: आम्ही दोघी होडीत होतो. दोघींनी एकाच वेळी मागे कास्ट केला. माझा हुक तिच्या जाकिटाच्या बाहीत, तिचा हुक माझ्या टोपीत. कोणीही हात हलवला की दुसरीची टोपी नाहीतर बाही ओढली जायची. वल्हं कोणी मारायचं हा प्रश्न. वारा आम्हाला सावकाश लव्हाळ्यात घेऊन गेला आणि तिथे बसून, हसत हसत, एकेक गाठ कापून आम्ही सुटलो. तेव्हापासून होडीत एका वेळी एकच जण कास्ट करणार, दुसरी खाली बसून पुढे बघणार, आणि कास्टच्या आधी मोठ्याने “मागे!” म्हणायचं. हा नियम आजवर मोडलेला नाही.

पाणकावळा

ढोकरीताई, रुंद लूपचं पटलं, पण “सावकाश” या शब्दाने नवीन माणूस फसतो. सावकाश म्हणजे मागे नेऊन थांबायचं असं तो समजतो, आणि तिथेच लाइन ढिली पडते. जड फ्लायला सावकाशपेक्षा *सलग* महत्त्वाचं. ताण एक क्षणही तुटता कामा नये.

त्यासाठी बेल्जियन कास्ट शिका. रॉड बाजूने, जवळजवळ आडवा मागे न्या. मागे ठोक थांबा घेऊ नका, तसाच वळसा घेऊन वर आणा आणि डोक्यावरून पुढे सोडा. वरून कोणी पाहिलं तर टोकाने लंबगोल काढलेला दिसेल. फ्लाय मागे जाताना एका वाटेने, पुढे येताना वरच्या वाटेने. दोन्ही वाटा वेगळ्या असल्यामुळे ती रॉडवर आणि तुमच्यावर यायची शक्यता फारच कमी होते. मला हे जमायला एक पूर्ण हंगाम लागला आणि तो हंगाम सत्कारणी लागला असं मी मनापासून म्हणतो.

ढोकरी

मान्य. मी म्हणते त्या सावकाशमध्ये ताण गृहीत धरलेला होता, तो लिहायला हवा होता. नवीन लोकांनी पाणकावळा यांचं वाक्य लक्षात ठेवावं.

टिटवी

मी नवीन आहे, तीन महिने झाले. अजून फक्त हलक्या फ्लाय वापरल्या आहेत. मग एवढा त्रास असेल तर जड फ्लाय टाकायचीच कशाला?

पाणमांजर

टिटवी, मासे बहुतेक वेळ तळाशी खातात म्हणून. वेगवान धारेत हलकी फ्लाय तळापर्यंत पोचायच्या आत माशाच्या डोक्यावरून निघून जाते. फ्रँक सॉयर यांनी इंग्लंडच्या एव्हन नदीवर फेझंट टेल निम्फ (पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय) बांधताना दोऱ्याऐवजी तांब्याची तार वापरली ती याचसाठी, की फ्लाय आपल्या वजनाने बुडावी. बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीवर स्मॉलमाउथ बास या माशासाठी डंबेल डोळ्यांचा मिनो (छोट्या माशासारखी फ्लाय) बांधला. त्यात डोळे हुकाच्या दांड्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे फ्लाय पाण्यात उलटी होते, हुकाचं टोक वर राहतं आणि गोट्यांत अडकायचं प्रमाण कमी होतं. ओढ थांबवली की ती नाकावर खाली जाते, ओढली की वर उसळते. ती हालचाल पाहिल्यावर मासा राहत नाही आणि आपणही राहत नाही.

आणि निम्फ जवळच टाकायची असेल तर हवेत फिरवायची गरजच नाही. निम्फ टाकायच्या चेक (चेकियातल्या) पद्धतीत लाइन जवळजवळ बाहेरच नसते. फ्लाय खालच्या अंगाला वाहू द्या, पाण्याचा ताण घ्या आणि एका झोकात वरच्या अंगाला सोडा. जड फ्लायची सुरुवात तिथूनच करा.

बगळा

मी परिचारिका आहे आणि मासेमारीही करते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

पहिली गोष्ट चष्मा. पाण्यात बघायला पोलराइज्ड काच हवी हे सगळे जाणतात, पण भिंग पॉलिकार्बोनेटचं घ्या, ते फुटून डोळ्यात जात नाही. संध्याकाळी अंधारलं की लोक काळा चष्मा काढून खिशात ठेवतात, आणि नेमकी त्याच वेळी फ्लाय दिसत नाही. पिवळ्या किंवा बिनरंगी भिंगांचा दुसरा चष्मा सोबत ठेवा. शेजारी लहान मूल उभं असेल तर त्यालाही.

हुक डोळ्यात किंवा डोळ्याजवळ गेला तर हात लावायचा नाही. ओढायचा नाही, धुवायचा नाही, दाबायचं नाही. टिपेट (फ्लायला बांधलेला दोऱ्याचा शेवटचा बारीक भाग) कापा, कागदी कपासारखं काहीतरी पोकळ वरून धरा, म्हणजे हुकाला धक्का लागणार नाही, आणि सरळ रुग्णालयात जा. चेहरा, मान, बोटांचे सांधे, मनगटाची आतली बाजू इथेही डॉक्टरच.

दंडात किंवा पाठीवर मांसल भागात बार्बवाला (टोकाजवळ उलटा काटा असलेला) हुक गेला आणि रुग्णालय लांब असेल तर दोरीची पद्धत चालते. आधी टिपेट कापा. मजबूत दोरीचा फास हुकाच्या बाकात घाला. एका हाताने हुकाचं नेढं कातडीकडे खाली दाबा, त्याने बार्ब आतल्या मांसातून सुटतो. दाब तसाच ठेवून दोरी एकाच झटक्यात, कातडीला समांतर, ज्या वाटेने हुक आत गेला त्याच्या उलट ओढा. अर्ध्या मनाने ओढलं तर फक्त दुखतं. हुक उडून येतो, म्हणून त्या रेषेत कोणी उभं राहू नये आणि ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवा. कानाच्या पाळीवर हे करू नका. पाळी ताठ राहत नाही, ती दोरीबरोबर ओढली जाते.

जोडफ्लायला दोन हुक असतात. एक काढताना दुसरा मदत करणाऱ्याच्या बोटात जातो. आधी मोकळा हुक कापा किंवा चिकटपट्टीने गुंडाळा.

नंतर साबण-पाण्याने भरपूर धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. अशा मळक्या जखमेला पाच वर्षं उलटून गेली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला तर घरी थांबू नका.

खंड्या

बगळाताई, हे छापून जाकिटाच्या खिशात ठेवतोय.

धीवर

बार्ब पकडीने दाबून टाकला तर वरची निम्मी पोस्ट लागणारच नाही. पकडीच्या टोकात बार्ब धरा, दाबा, मग हुक कापडात टोचून बाहेर काढून बघा. कापड अडकलं तर अजून दाबा.

ढोकरी

+१

पाणकावळा

धीवर, करतो मीही, पण खरं सांगतो, मनात धाकधूक असते. बिनबार्बच्या हुकावरून मोठा मासा सुटला की ती सल आठवडाभर जात नाही.

धीवर

लाइन ताठ ठेवली तर सुटत नाही. सुटतो तो ढिलाईने. आणि जड फ्लायचा यात वेगळा प्रश्न आहे: मासा डोकं झटकतो तेव्हा फ्लायचं वजनच हुकाला मागे-पुढे हलवून भोक मोठं करतं. म्हणून मासा लागल्यावर ढील द्यायची नाही, बार्ब असो वा नसो.

माझी फजिती लिहितो. जड फ्लाय रॉडला नीट न अडकवता काठाने चालत होतो. ती झुलत झुलत माझ्या वेडर्सच्या (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीच्या) मागच्या बाजूला रुतली आणि मला पत्ताच नाही. दमून दगडावर टेकलो आणि ताडकन उठलो. मला वाटलं विंचू. मित्राने पळत येऊन पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. बार्ब दाबलेला होता, त्यामुळे हुक जसा गेला तसा बाहेर आला आणि मीही थोड्या वेळाने त्याच्याबरोबर हसलो. वेडर्सला भोक राहिलं, त्या थंड पाण्यात दिवसभर त्याची आठवण होत होती. आता चालताना फ्लाय रॉडच्या कडीत अडकवून, लाइन रिळाभोवती घेऊन ताठ करतो.

पाणमांजर

सगळ्यात धोक्याचा प्रसंग कास्ट करताना येत नाही, हे इथे अजून कोणी लिहिलेलं नाही. तो येतो फ्लाय तळाशी अडकल्यावर. माणूस वैतागतो, रॉड वर करून वाकवतो आणि खेचतो. वाकलेला रॉड आणि ताणलेली लाइन म्हणजे सरळ सरळ गलोल. फ्लाय सुटली की ज्या दिशेने ओढ होती त्याच दिशेने येते, म्हणजे तुमच्या तोंडाकडे, आणि कास्टपेक्षा वेगाने. माझ्या डोळ्यासमोर एकाच्या चष्म्याच्या डाव्या भिंगावर अशी फ्लाय आपटली. भिंगाला खोल ओरखडा गेला. चष्मा नसता तर काय झालं असतं ते मला अजूनही नीट बोलता येत नाही.

अडकली की आधी रॉडने झुंजू नका. रोल कास्ट (लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे लोळवायची) करून लाइनचा लूप अडकलेल्या जागेच्या पलीकडे टाका आणि हलका झटका द्या. ओढ उलट्या दिशेने लागली की बऱ्याचदा फ्लाय सुटते. नाहीच सुटली तर रॉडचं टोक थेट फ्लायकडे करा, तोंड फिरवा, लाइन बाहीवर किंवा काटकीवर गुंडाळून मागे चालत जा. हाताला गुंडाळू नका, लाइन कातडीत रुतते. टिपेट तुटेल, तुटू द्या.

जाळीजवळ मासा सुटतो तेव्हाही हीच गलोल होते. जाळी धरणाऱ्याने माशाकडे वाकून बघत रॉडच्या रेषेत डोकं घालू नये.

खंड्या

हे मला सुचलंच नव्हतं. मी कायम रॉड वर करून खेचतो. उद्यापासून बंद.

वाऱ्याचं काय करता? उजव्या हाताने टाकतो आणि उजवीकडून वारा आला की फ्लाय अंगावर येते.

पाणकावळा

तीन उपाय. रॉडचं टोक डाव्या खांद्यावरून न्या, म्हणजे वारा फ्लायला तुमच्यापासून लांब ढकलेल. किंवा पाठ फिरवून उभे राहा आणि मागचा कास्टच पाण्यावर सोडा. किंवा पलीकडच्या काठावर जा, पाणी उतरण्याजोगं असेल तर. वारा फार असेल तर जड फ्लाय डबीत ठेवा.

आणखी एक: हवेत चार-पाच वेळा फिरवू नका. प्रत्येक फेरी म्हणजे डोक्याजवळून आणखी एक चक्कर. लाइन पुढे पाण्यावर टेकवा, पाण्याने धरली की त्याच ताणावर रॉड भरा, एक मागचा कास्ट, आणि सोडा. बुडालेली फ्लाय थेट खेचून मागे नेऊ नका, आधी रोल कास्टने पृष्ठभागावर आणा.

ढोकरी

लीडरबद्दलही (जाड लाइन आणि फ्लाय यांच्यामधला निमुळता दोरा, त्याचं टोक म्हणजे टिपेट). कोरड्या फ्लायचा लांब, बारीक लीडर इथे चालत नाही. मी साडेसात फूट किंवा त्याहून आखूड ठेवते आणि टिपेट जाड. टिपेटवर लिहिलेला एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशांत मिळते: ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, १एक्स म्हणजे ०.०१०. माझ्या भावाने ५एक्सवर कोनहेड लावला होता. मागच्या हिसक्यात टिपेट तुटलं, फ्लाय एकटीच निघाली आणि काठावर ठेवलेल्या स्टीलच्या बाटलीवर टण्णकन वाजली. ती बाटली एका अनोळखी कुटुंबाची होती. ते मागे बसलेत हे त्याला माहीतच नव्हतं. त्यांनी हसत हसत फ्लाय परत केली, पण भाऊ त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि मनापासून माफी मागून आला. त्या दिवशी त्याने पुन्हा कास्ट केला नाही.

धीवर

रॉडचंही बघा. कार्बनचा रॉड म्हणजे पातळ पोकळ नळी. डंबेल डोळा टोकावर आपटला की ‘टक्’ असा आवाज येतो, दिसत काहीच नाही, आणि पंधरा दिवसांनी चांगला मासा लागल्यावर रॉड तिथेच मोडतो. टक् ऐकलं की थांबा, कापसाचा बोळा टोकापासून खाली फिरवा. कापसाचे तंतू जिथे अडकतात तिथे इजा आहे. कार्बनमधून वीजही वाहते, त्यामुळे गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून पाण्यातून बाहेर या, आणि विजेच्या तारांखाली कास्ट कधीच नको.

बगळा

शिशाच्या बाबतीत मीही एक जोडते. शिशाचे मणी दातांनी दाबू नका, आणि तार गुंडाळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. ब्रिटनमध्ये हंसांना विषबाधा होते म्हणून १९८७ मध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आता टंगस्टन मिळतंच, तर शिसं नसलं तरी अडत नाही.

टिटवी

सगळं वहीत उतरवलं आणि आज मोकळ्या मैदानावर सराव केला. आधी टिपेटला लोकरीचा गोंडा बांधला. तिसऱ्याच कास्टला कुठूनसा एक कुत्रा आला आणि गोंडा हवेतच पकडून बसला. मी लाइन सोडत गेले, तो पळत गेला, रीळ गरगरत राहिलं. माझा पहिला ‘मोठा मासा’! गोंडा सोडवायला बिस्किटं लागली. हुक नव्हता याचा इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

पण लोकरीला वजन नाही, त्यामुळे तो हिसका कळत नाही. सरावाला काय बांधू?

पाणमांजर

खरीच जड फ्लाय घ्या आणि कटरने हुकाचा बाक पूर्ण कापून टाका. कापताना टोक हाताखाली झाकून धरा, तुकडा उडतो. वजन तेवढंच राहतं, टोचायला काही राहत नाही. तरी मणी लागतो, म्हणून चष्मा आणि टोपी हवीच. आधी वीस फूट लाइन, त्याहून जास्त नाही. मागचा कास्ट मान वळवून बघा. लाइन पूर्ण सरळ व्हायच्या किंचित आधी पुढे निघालात तर हिसका बसणार नाही.

टिटवी

केलं. पहिल्या दहात दोनदा खांद्यावर बसली. मग मान वळवून बघितलं तर दोन्ही वेळा मी मागे थांबले होते. वळसा सलग ठेवल्यावर पुढच्या तीसमध्ये एकदाही लागली नाही. कुत्रा पुन्हा आला होता, म्हणून आधी त्याला बांधून ठेवायला त्याच्या मालकांना सांगितलं आणि मगच सुरू केलं.

खंड्या

तीसात एकदाही नाही! रविवारी मी आणि मित्रही तुमच्यासारखाच बाक कापून सराव करणार आहोत. त्याने नवी टोपी आणली आहे आणि उभा कुठे राहणार तेही आधीच सांगितलंय: माझ्या डावीकडे, दोन रॉडच्या अंतरावर, माझ्याकडे तोंड करून.